मदत हवी आहे: इफेक्ट्स लूप बायपास केला की अ‍ॅम्प मोकळा वाजतो, चालू केला की दबतो

खाडीकाठ (मालवण)

नमस्कार मंडळी. गिटारचा ४० वॅटचा व्हॉल्व्ह कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) आहे. पॉवरला दोन ६एल६ व्हॉल्व्ह, स्पीकर १२ इंची, ८ ओहमचा. मागे सिरीज इफेक्ट्स लूप (प्रीअ‍ॅम्पनंतर आणि पॉवर अ‍ॅम्पच्या आधी पेडल जोडायची वाट) आणि ती वाट वगळायला बायपासचा खटका. लूपमध्ये डिले आणि रिव्हर्बची पेडल, दोन्ही ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल आतल्या सर्किटला न शिवता सरळ जातो). पेडलबोर्ड स्टेजच्या पुढच्या कडेला असतो, म्हणून सेंडला (लूपमधून बाहेर जाणारा जॅक) ६ मीटर आणि रिटर्नला (परत येणारा जॅक) ६ मीटर केबल.

खटका बायपासवर असला की आवाज मोठा, उघडा. तार हळू-जोरात छेडली तर अ‍ॅम्प लगेच दाद देतो. लूप चालू केला की, दोन्ही पेडल बंद असूनही, वरचे सूर बोथट होतात आणि पिकखाली काहीतरी ताठरल्यासारखं लागतं. शिवाय लूप चालू ठेवून त्यात काहीच लावलं नाही तर कधी आवाज निम्मा होतो, कधी खरखरतो. पाऊस सुरू झाल्यापासून हे जास्त.

डिले गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये लावला तर ड्राइव्ह (डिस्टॉर्शनच्या) चॅनलवर नुसता चिखल होतो, त्यामुळे लूप हवाच. लूपचा भाग काढून टाकून सरळ जोडणी करून घ्यावी का?

सोल्डरवाला (कुडाळ)

आधी रिटर्नचो जॅक बघ, मगे काय ता बोलूया.

लूपमध्ये काही लावलेलं नसतं तेव्हा सिग्नल रिटर्न जॅकच्या आतल्या स्विच-पत्तीतून पुढे जातो. प्लग आत गेला की पत्ती उचलली जाते, नाहीतर ती टेकलेली असते. खाऱ्या हवेत तिच्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि टेकूनही संपर्क अर्धवटच होतो. आवाज पडणं, खरखर, कॅबिनेटवर थाप मारली की पुन्हा ठीक होणं ही सगळी त्याचीच लक्षणं. खात्री करायला सेंडमधून रिटर्नमध्ये ३० सेंटिमीटरची पॅच केबल लावा. आवाज स्थिर झाला तर दोष पत्तीचा.

मात्र पेडल लावलेली असताना ही पत्ती वाटेत नसतेच. तेव्हा तो बोथटपणा वेगळ्या कारणाचा आहे. दोन तक्रारी एकत्र करू नका आणि तोवर लूप काढायचा विचार बाजूला ठेवा.

सहा_तारा (रत्नागिरी)

सोल्डरवाल्यांशी सहमत. त्यात भर अशी की कानावर जाण्याआधी मोजा. एखाद-दोन डेसिबल मोठा आवाज कानाला ‘मोठा’ असा वाटतच नाही, ‘जिवंत’ वाटतो. बायपासची निम्मी तारीफ तिथूनच येते.

मोबाइलवर टोन जनरेटरचं अ‍ॅप घ्या, ४०० हर्ट्‌झची साइन लावा आणि हेडफोनच्या जॅकमधून अ‍ॅम्पच्या इनपुटला द्या. चॅनल क्लीन, आवाज हळूहळू वाढवा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या दोन टोकांवर धरा. स्पीकर जोडलेलाच राहू द्या, व्हॉल्व्ह अ‍ॅम्प लोडशिवाय कधीच चालवायचा नाही. बायपासवर २.८ व्होल्ट येईल इतका आवाज ठेवा. ८ ओहमवर तो १ वॅट होतो आणि खोलीत पुरेसा मोठा असतो, कानात इअरप्लग घाला. मग एकही नॉब न हलवता चार स्थिती मोजा: बायपास; लूप चालू पण रिकामा; लूप चालू आणि आखूड पॅच; लूप चालू आणि तुमची पूर्ण केबल, पेडल बंद. शेवटच्या दोन ४००० हर्ट्‌झवरही मोजा. साध्या मीटरला इतक्या वरचा आकडा बरोबर दाखवता येत नाही, पण दोन स्थितींमधलं प्रमाण कामापुरतं मिळतं.

हे सगळं एकाच बैठकीत करा. संध्याकाळी घरातला पुरवठा २३० वरून २०० वर आला तर व्हॉल्व्हचा ६.३ व्होल्टचा हीटर साधारण ५.५ वर येतो, प्लेटचा व्होल्टेजही त्याच प्रमाणात पडतो आणि अ‍ॅम्प आपसूक मऊ लागतो. त्याचा दोष लूपच्या माथी नको.

खाडीकाठ (मालवण)

मोजलं. पुरवठा २२६ ते २२८.

४०० हर्ट्‌झ: बायपास २.८, रिकामा लूप १.१ (काटा सारखा हलतो), आखूड पॅच २.१, पूर्ण केबल २.०५.
४००० हर्ट्‌झ: आखूड पॅच १.७, पूर्ण केबल ०.९.

सहा_तारा (रत्नागिरी)

आता चित्र स्वच्छ आहे.

रिकाम्या लूपचे १.१ आखूड पॅच लावताच २.१ झाले, म्हणजे जॅकची पत्ती गेलेली आहे.

२.८ आणि २.१ यांत अडीच डेसिबलचा फरक. लूपमधून जाताना सिग्नल आधी कमी केला जातो आणि परत आल्यावर वाढवला जातो, पण पूर्ण भरून येत नाही. बायपासवर फेज इन्व्हर्टरला (पॉवर व्हॉल्व्हना सिग्नल पुरवणारा टप्पा) तेवढा जास्त सिग्नल मिळतो, पॉवर व्हॉल्व्ह लवकर दबू लागतात आणि पिकखाली ती लवचिक दाद लागते. मास्टर व्हॉल्यूम (लूपनंतरचा आवाजाचा नॉब) वाढवून हे बरंचसं परत मिळेल.

खरी गोम ४००० हर्ट्‌झच्या आकड्यात आहे. खालचे सूर जवळजवळ तसेच, वरचे निम्म्यावर. साधी गिटार केबल मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास कपॅसिटन्स धरते आणि तो वरचे सूर खातो. १२ मीटरचे १२०० पिकोफॅरड झाले, कारण ट्रू बायपास पेडल बंद असताना दोन्ही केबली एकच लांब केबल बनतात. ०.९ भागिले १.७ यावरून उलट हिशेब केला तर वरचे सूर २५०० हर्ट्‌झपासून कापले जातायत आणि सेंडचा आउटपुट इम्पिडन्स (सिग्नल पुढे देतानाचा अंतर्गत अडथळा) ५० के (हजार) ओहमच्या घरात येतो. म्हणजे सेंडला बफर (हा अडथळा कमी करणारं सर्किट) नाही. २२० के आणि ६८ केच्या रेझिस्टरांचा, सिग्नल कमी करणारा डिव्हायडर असला तर दोन्ही समांतर मिळून ५२ के होतात, आकडा चपखल बसतो. सेंडला कॅथोड फॉलोअर (व्हॉल्व्हचा बफर) असता तर इम्पिडन्स १ केच्या आत-बाहेर राहिला असता आणि या केबलने काहीच बिघडलं नसतं.

सोल्डरवाला (कुडाळ)

इलाज: सेंडपासून अर्ध्या मीटरच्या आत बफर बसवा, अ‍ॅम्पच्या पाठीवर वेल्क्रोने. टीएल०७२ या ऑप-अ‍ॅम्प चिपचा साधा बफर चालतो, इनपुट १ मेगओहम, आउटपुटला ४७० ओहम. तयार हवं असेल तर बॉस कंपनीचं कुठलंही बफर्ड बायपास पेडल लावून बंद ठेवा, आतला बफर चालूच असतो. मग १२ मीटर केबल खुशाल ओढा. मात्र ९ व्होल्टचा बफर ७ व्होल्ट पीक-टू-पीकच्या आसपास सिग्नलची टोकं कापू लागतो (क्लिपिंग). चॅनल व्हॉल्यूम फार वर आणि मास्टर खाली ठेवला तर तिथेच ताठरपणा येतो, म्हणून उलट ठेवा. बफरचा वीजपुरवठा आयसोलेटेड (बाकी पेडलांपासून वेगळा) घ्या. गुणगुण आली तरी मेनची अर्थ पिन काढायची नाही. विजेच्या बोर्डाचं अर्थिंग आधी तपासा. जांभ्याच्या कातळावर उन्हाळ्यात ते हमखास कमजोर सापडतं.

जॅक: तात्पुरतं म्हणून कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा. तेलकट गंजनाशक स्प्रे वापरू नका, त्यावर धूळ बसते. पण पत्ती एकदा काळी पडली आणि तिचा ताण गेला की पुढच्या पावसात पुन्हा तेच. नवा जॅक टाकलेला बरा. तुमचा जुना जॅक शॅसीपासून इन्सुलेटेड असेल तर नवाही तसाच घ्या, नाहीतर ग्राउंडची वाट बदलून गुणगुण सुरू होईल. उघडण्याआधी प्लग काढा. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टहून जास्त उरू शकतात. १०० के, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी मिनिटभर धरा, मग मीटरवर ५ व्होल्टच्या खाली आल्याचं बघूनच हात घाला. सवय नसेल तर हे काम मेकॅनिककडे द्या.

खाडीकाठ (मालवण)

जॅक मेकॅनिककडून बदलून घेतला, बफर सेंडजवळ लावला. ४००० हर्ट्‌झवर पूर्ण केबलने आता १.७ येतात. रिकाम्या लूपला ४०० हर्ट्‌झवर २.१, काटा स्थिर. पण मास्टर वाढवून दोन्हीकडे २.८ करूनही बायपास किंचित वेगळा लागतो, विशेषतः ड्राइव्हवर जोरात वाजवताना. हे काय असावं?

सहा_तारा (रत्नागिरी)

ती लूपची रिकव्हरी स्टेज, म्हणजे परत आलेला सिग्नल वाढवणारा टप्पा. जोरात वाजवलं की ती स्वतःही टोकं थोडी कापते, शिवाय ती फेज उलटवते (लहरीचं वर-खाली उलटं होतं). दुसरा अ‍ॅम्प सोबत नसेल तर उलटी फेज सहसा कळत नाही, पण मोठ्या आवाजात स्पीकरसमोर उभं राहून फीडबॅक धरताना दुसराच सूर उचलला जातो. हा त्या सर्किटचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. डिले नसलेल्या गाण्यांना खटका बायपासवर ठेवा, पण आधी मास्टर खाली घ्या, अडीच डेसिबल एकदम वाढतात.

सोल्डरवाला (कुडाळ)

आणि पावसाळाभर रिटर्नमध्ये एक डमी प्लग ठेवू नका, त्याने पत्ती उचललेलीच राहते आणि सिग्नल तुटतो. पेडल नसतील तेव्हा आखूड पॅच लावून ठेवा. आठवड्यातून एकदा तासभर अ‍ॅम्प तापवा म्हणजे आतली ओल जाते.