भिंत रंगवायला नेपाळ कशाला?
चर्चच्या पोरांनी सेवेच्या नावाखाली दहा दिवस नेपाळला जाऊन शाळेची भिंत रंगवणं म्हणजे नुसती सहल, असं एक मत आहे. ते पटलं, पण अर्धंच. आमच्या मिरजेच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, पोरंही गेली होती. तिथल्या रंगाऱ्यानं दुपारपर्यंत उरकलं असतं. आमच्यांचा निम्मा रंग फरशीवर! नर्सिंगची एक मुलगी मात्र तिथल्या सिस्टरच्या हाताखाली मुकाट बँडेजं गुंडाळत बसायची, ते कामाचं. मिशनरी डॉक्टर वानलेस १८८९ साली भारतात आले, १८९४ ला मिरजेत मिशन हॉस्पिटल काढलं आणि पुढं कित्येक वर्षं इथंच राबले. तेवढं सगळ्यांना जमणार नाही, मान्य. निदान निघण्याआधी तिथल्या मंडळीला काय हवंय ते तरी विचारा. आणि नेपाळात धर्मांतर करवणं कायद्यानं गुन्हा आहे. धर्मप्रचाराची पत्रकं वाटून तुम्ही परत याल, पोलीस ठाण्याचे हेलपाटे तिथल्या पाळकांना.