लकव्यानंतर जुनं सगळं आठवतं, पण सकाळची गोळी घेतल्याचं आठवत नाही

विश्रामबाग_सांगली
अण्णा ६८ वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी स्ट्रोक झाला. चालतात, डावा हात थोडा कमजोर आहे. हळदीचे जुने भाव तोंडपाठ, पण चहा झाला का ते सांगता येत नाही. परवा रक्त पातळ करायची गोळी दोनदा घेतली. डॉक्टरांना लगेच विचारलं, यावेळी निभावलं. मी रोज प्रश्न विचारून सराव घेते, तर चिडतात. काय चुकतंय?

मिरज_ओटी
प्रश्न आधी येतोय, हेच चुकतंय. "सकाळी काय खाल्लं, आठवा बघू" म्हटलं की ते अंदाजाने पोहे म्हणतात, खाल्लेला असतो उपमा. तुम्ही दुरुस्त केलेलं विसरतं, त्यांच्या तोंडून गेलेलं पोहेच डोक्यात बसतं. म्हणून उत्तर आधी द्या, मग विचारा.

एका वेळी एकच गोष्ट. "अण्णा, चष्मा टीव्हीखालच्या खणात असतो. चष्मा कुठे?" लगेच विचारायचं, मग अर्ध्या मिनिटाने, मग १, २, ४, ८ मिनिटांनी. मधे हळदीवर खुशाल बोला. अडले तर ताणू नका. उत्तर सांगा, त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्या आणि आधी जमलं होतं त्या अंतरावर परत या. दर वेळी त्यांनाच उठून खण उघडू द्या. हाताची सवय अशा आजारात बरीच शाबूत असते.

वही एकच ठेवा, पेन दोरीने तिलाच बांधा. गोष्ट झाली की त्याच क्षणी त्यांच्याच हाताने: "८:१० चहा झाला." नंतर लिहू म्हटलं की वही मोडली समजा. डावा हात कमजोर आहे, तेव्हा डावीकडचं त्यांच्या नजरेतून सुटतं का बघा. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते का? राहत असेल तर पानाच्या डाव्या कडेला जाड लाल रेघ मारा आणि वाचताना आधी तिच्यावर बोट ठेवायला लावा.

औषधवाला_सातारा
गोळ्यांचं आधी मार्गी लावा, ते सगळ्यात धोक्याचं. सात दिवसांचा, सकाळ-दुपार-रात्र कप्प्यांचा डबा आणा. रविवारी तुम्ही भरा, उरलेल्या स्ट्रिप्स कुलपात. काही गोळ्या हवेत खराब होतात, त्या सोलू नका, स्ट्रिपचाच तुकडा कापून ठेवा. मोबाईलचा गजर नुसता लावला तर ते बंद करतात आणि तिथेच विसरतात. मोबाईल डब्याशेजारी ठेवा, गोळी गिळल्यावरच गजर बंद. घेतली की नाही कळत नसेल तर दुसरी देऊ नका, डॉक्टरांना फोन करा.

विश्रामबाग_सांगली
डबा आजच आणते. संध्याकाळी गणपती मंदिरापर्यंत एकटे जाऊ देऊ का?

मिरज_ओटी
आत्ता नको, पलीकडे नदीचा घाट आहे. सोबत जा, रोज त्याच वाटेने, आणि खिशात नाव-पत्ता व दोन फोन नंबर असलेली चिठ्ठी.

न्यूरोलॉजिस्टकडे जाल तेव्हा बी-१२, थायरॉइड, सोडियम तपासायचं का विचारा. झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही विसरभोळेपणा वाढतो, सगळी औषधं पिशवीत घालून न्या. गप्प गप्प, जेवणात मन नाही असं असेल तर तेही सांगा, नैराश्यावर औषध आहे.

एकाएकी गोंधळ वाढला, तोंड वाकडं झालं, बोबडं बोलू लागले, तर थांबू नका, १०८ लावा. शेवटचे धड कधी दिसले ती वेळ लिहून न्या. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. ते रक्त पातळ करायची कोणती गोळी घेतात आणि शेवटची कधी घेतली, हेही तिथे पहिल्यांदा विचारतील. त्यासाठी ती वहीच सोबत घ्या.