आयरिश राजे दुसऱ्या हेन्रीपुढे न लढताच कसे नमले?

कोरा_कागद
ऑक्टोबर ११७१ मध्ये इंग्लंडचा दुसरा हेन्री वॉटरफर्डजवळ उतरला आणि डेझमंडचा मॅकार्थी, थोमंडचा डोनल मोर ओब्रायन असे राजे मुकाट त्याच्या पायाशी गेले. इंग्लंड-वेल्सकडच्या परक्या सरदारांना आणलं म्हणून लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो याला आजही शिव्या पडतात. मग यांना का नाही?

जुनी_बखर
कारण त्यांना हेन्रीची भीती नव्हती, त्याच्याच सरदाराची, स्ट्राँगबोची होती. डर्मटने त्याला मुलगी आयफा दिली, आपल्यामागे लेन्स्टरही कबूल केलं. मे ११७१ मध्ये डर्मट वारला आणि हा वेल्सकडचा सरदार डब्लिन धरून बसला. तो डोईजड होईल ही धास्ती खुद्द हेन्रीलाही होती. तेव्हा धन्यालाच गाठा, तो आपली माणसं आवरेल, हा हिशेब. मला तरी तो शहाणपणाचाच वाटतो.

शिवाय बलवान राजाला ओलीस द्यायचे, तो ढिला पडला की फिरायचं, ही तिथली जुनीच रीत. डोनल मोर तर डर्मटचाच जावई, आणि सगळ्या आयरिश राजांवरचा थोरला राजा रोरी ओकॉनर याचं जोखड त्याला नकोच होतं. हेन्रीला नमला आणि ११७४ मध्ये थर्ल्सला स्ट्राँगबोच्या फौजेला झोडपून मोकळा! हेन्रीच्या लेखी मात्र एकदा वाहिलेली निष्ठा कायमची.

पाणचक्की
रोरीला इतका हलका लेखू नका. ११७५ च्या विंडसरच्या तहात त्याने लेन्स्टर, मीथ वगैरे सोडून बाकीच्या आयर्लंडवर आपला वरचष्मा मान्य करून घेतला. खंडणी काय, तर दर दहा जनावरांमागे एक कातडं.

जुनी_बखर
आणि तो तह टिकला किती? ११७७ मध्ये ऑक्सफर्डला बसून हेन्रीने कॉर्कचं राज्य आपले सरदार फिट्झस्टीफन आणि द कोगन यांना वाटून टाकलं. म्हणजे ज्या मॅकार्थीने मान तुकवली, त्याचंच!

कोरा_कागद
म्हणजे शरण जाऊन पदरात काहीच नाही?

जुनी_बखर
थोडी उसंत मिळाली. तीही सगळ्यांना नाही. ब्रेफ्नेचा राजा ओरूर्क ११७१ मध्येच हेन्रीला शरण गेला होता. पुढच्याच वर्षी, ११७२ मध्ये, मीथमध्ये हेन्रीचा सरदार ह्यू द लेसी याच्याशी बोलणी करायला गेला आणि तिथेच मारला गेला.