मदत हवी आहे: वाचनालयातल्या संगणकांसाठी साधा मराठी लाँचर मेनू कसा बनवावा?

मंडळी, नमस्कार.

आमच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाला काही वापरलेले संगणक देणगी म्हणून मिळाले आहेत. २ जीबी रॅम, १३६६ बाय ७६८चे मॉनिटर. त्यांवर लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली आहे आणि ती ठीक चालते. अडतंय ते पहिल्याच पडद्यावर.

सकाळी पेपर वाचायला येणारे ज्येष्ठ, बचत गटाच्या बायका, अर्ज टाइप करून घ्यायला येणारे शेतकरी आणि दुपारनंतर शाळेची मुलं, असे सगळे हे संगणक वापरणार. बहुतेकांकडे स्मार्टफोन आहे, पण माऊस कधी हातात धरलेला नाही. मिंटचा मेनू उघडला की 'ॲक्सेसरीज', 'ग्राफिक्स', 'ऑफिस' असे कप्पे समोर येतात. सातबारा बघायला आलेल्या माणसाने यातला कुठला उघडायचा? त्याला ब्राउझर नकोच आहे, त्याला सातबारा हवा आहे! म्हणून मला प्रोग्रामांची नाही, कामांची यादी हवी आहे: पेपर वाचा, सातबारा, लाईट बिल, अर्ज लिहा, माझा पेनड्राइव्ह, बंद करा. बस, एवढंच. बाकीचं सगळं मिंटच्या मूळ मेनूत राहू दे.

आतापर्यंत केलंय ते असं. प्रत्येक कामासाठी एक डॉट डेस्कटॉप फाइल बनवली. साधी मजकुराची फाइल असते ती: नाव, चित्र आणि कुठली आज्ञा चालवायची, एवढं लिहायचं. नावाच्या ओळीला मराठीचा 'एमआर' हा कोड जोडला की संगणकाची भाषा मराठी असताना तेच नाव दिसतं. 'सातबारा'च्या आज्ञेत फायरफॉक्स आणि पुढे महाभूलेख या सातबाऱ्याच्या सरकारी संकेतस्थळाचा पत्ता. सगळी चिन्हं डेस्कटॉपवर ठेवली. डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये एका क्लिकने उघडण्याची सोय आहे, ती लगेच चालू केली. कारण डबल-क्लिक करताना ज्येष्ठांचा हात दोन क्लिकच्या मध्ये थोडासा सरकतो, मग चिन्ह उघडत नाही, ओढलं जातं आणि भलतीकडे जाऊन बसतं.

आता अडचणी.

पहिली आणि सगळ्यात मोठी: एकदा फायरफॉक्स उघडला की तो पूर्ण पडदा व्यापतो आणि माझी चिन्हं त्याच्या मागे जातात. परत यायचं कसं, हे कोणाला कळत नाही. पेनड्राइव्ह लावला तर त्याचं चिन्हही मागेच उमटतं. मग 'अहो, माझा पेनड्राइव्ह कुठाय?' म्हणून हाक येते.

दुसरी: या यंत्रांवर लिबरऑफिस (अर्ज टाइप करायचा प्रोग्राम) उघडायला वेळ लागतो. तेवढ्यात काही झालंच नाही असं वाटून माणूस पुन्हा पुन्हा दाबतो आणि मग एकाखाली एक कोऱ्या फाइली उघडतात.

तिसरी: चिन्हं पॅनेलवर, म्हणजे पडद्याच्या कडेच्या पट्टीवर, नेऊन पाहिली. पण पॅनेलच्या लाँचरमध्ये (प्रोग्राम उघडणाऱ्या बटणात) एक तर चित्र दिसतं, नाही तर नाव. मला दोन्ही हवं आहे. ज्यांना वाचायला त्रास होतो त्यांना चित्र लागतं, आणि नुसत्या चित्रावरून 'लाईट बिल' कोण ओळखणार?

शिवाय उजवं बटण चुकून दाबलं गेलं की चिन्ह काढून टाकण्याचा पर्याय समोर येतो.

किऑस्क मोड, म्हणजे एकच प्रोग्राम पूर्ण पडदाभर दाखवणारी सोय, मला नको आहे. फायरफॉक्स किऑस्कमध्ये उघडला की बंद करायचं बटणच दिसत नाही, माणूस तिथेच अडकतो. आणि मुलांना पुढचं शिकायचं असेल तर वाट मोकळी हवी.

कोणी असं काही केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद

डेस्कटॉप सोडा, पॅनेलच वापरा. डाव्या कडेला उभं पॅनेल, मोड 'डेस्कबार'. पॅनेल स्वतःची जागा राखून ठेवतं, मोठी केलेली खिडकी त्यावर चढत नाही. फक्त आपोआप लपण्याचा पर्याय बंद ठेवा. १३६६ रुंदीच्या पडद्यावर आडवी जागा भरपूर असते, तंगी उभ्या जागेची असते, म्हणून पट्टी खाली न घेता बाजूलाच घ्या. कडेचा आणखी एक फायदा: माऊस कितीही जोरात डावीकडे ढकलला तरी कडेवर थांबतो. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्सने १९५४मध्ये मांडलेला नियम हाच, लक्ष्य मोठं आणि जवळ असेल तर हात लवकर पोचतो. कडेवरचं बटण पडद्यापलीकडेही पसरल्यासारखं वागतं. थरथरत्या हाताला हे फार उपयोगी पडतं.

चित्र आणि नाव दोन्ही हवं, तर नाव चित्रातच घाला. इंकस्केप या चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये चौकोनी एसव्हीजी चित्र बनवा, वर चित्र, खाली 'लाईट बिल'. डॉट डेस्कटॉप फाइलमध्ये चित्राचा पूर्ण पत्ता देता येतो. फॉन्ट मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या आणि अक्षर इंग्रजीसाठी ठेवाल त्यापेक्षा मोठं ठेवा, नाहीतर वेलांट्या आणि उकार गिचमिड दिसतात.

धागाकर्ता

नाव चित्रात घालायची युक्ती फार आवडली, मनापासून धन्यवाद! आज एका यंत्रावर उभं पॅनेल लावलं, खिडकी खरंच त्यावर येत नाही. पेनड्राइव्हच्या बटणाला फाइल मॅनेजर जोडला आहे आणि तो 'मीडिया' फोल्डरवरच उघडतो. आता पुन्हा पुन्हा दाबण्याचं आणि चिन्हं उडण्याचं काय करू?

प्रतिसाद

पुन्हा पुन्हा दाबण्यासाठी आज्ञा थेट न देता मध्ये एक छोटी स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) ठेवा. 'एफलॉक' या आज्ञेने कुलूप लावून लिबरऑफिस सुरू करायचं. कुलूप आधीच असेल तर नवीन काही न उघडता 'डब्ल्यूएमसीटीआरएल' या खिडक्या हाताळणाऱ्या आज्ञेने असलेली खिडकी पुढे आणायची. आणि पहिल्या क्लिकलाच 'उघडत आहे, थोडं थांबा' अशी सूचना दाखवा. माणूस घाईने दाबतो असं नाही, त्याला उत्तर मिळत नाही म्हणून दाबतो. फायरफॉक्सला हे सगळं नको, तिथे फार तर एक टॅब वाढेल.

चिन्हं उडण्यावर माझं मत: कुलपं लावत बसू नका, मिंटच्या लॉगिन खिडकीच्या सेटिंगमध्ये पाहुण्यांचं सत्र असतं ते चालू करा. त्यात कोणी काहीही हलवलं, काढलं तरी लॉगआउट झाल्यावर सगळं पुसलं जातं आणि पुढच्या माणसाला मांडणी मूळ रूपात मिळते. तुमचं पॅनेल त्या सत्राच्या 'स्केल' (skel, मूळ मांडणीचा साचा) फोल्डरात एकदा ठेवलं की झालं. सार्वजनिक संगणकावर हे तसंही हवंच, नाहीतर कोणाचा आधारचा पीडीएफ, कोणाचा पासवर्ड तसाच मागे राहतो.

पण टाइप केलेला अर्जही त्याच वेळी पुसला जाणार. म्हणून 'बंद करा' बटणाने थेट लॉगआउट करू नका. आधी झेनिटीने (स्क्रिप्टमधून प्रश्नाची खिडकी दाखवणाऱ्या प्रोग्रामने) मोठ्या अक्षरांत विचारा: 'फाइल पेनड्राइव्हमध्ये घेतली का?' आणि खाली दोनच बटणं ठेवा, 'हो, बंद करा' आणि 'नाही, मागे जा'.