बसची डिकी मागं दीड फूट वाढवली तर पासिंगला अडेल का?

प्रश्न (बसमालक, कोल्हापूर): नमस्कार मंडळी. माझी एकच टुरिस्ट बस. लग्नसराईत वऱ्हाड घेऊन मालवण-देवगडला जाते, सामान डिकीत मावत नाही. उद्यमनगरातला बॉडीवाला म्हणतो, मागं दीड फूट वाढवून देतो. बस आता 10.6 मीटर आहे, वाढवून 11.05 होईल. एवढी लांबी नियमात बसते, म्हणजे चालेल ना? व्हीलबेस, म्हणजे पुढच्या नि मागच्या ॲक्सलमधलं अंतर, 5.2 मीटर आहे. हप्ते चालू आहेत, गाडी अडकली तर सगळा सीझन जाईल.

निवृत्त ड्रायव्हर: दादा, लांबीत बसेल, पण ओव्हरहँगमध्ये अडकेल. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, त्यातला 93 वा नियम बघा. मागच्या ॲक्सलच्या मध्यापासून बसच्या टोकापर्यंतचं अंतर व्हीलबेसच्या 60 टक्क्यांवर जाऊन चालत नाही. तुमच्या गाडीला 3.12 मीटर. टेप लावून बघा आधी.

आणि पासिंगचं सोडा, घाटाचं बघा. करूळ घाटात मी कित्येक वर्षं गाडी काढली. डावीकडं स्टेअरिंग तोडलं की शेपूट उजवीकडं बाहेर पडतं. एका वळणावर माझ्या गाडीच्या मागच्या कोपऱ्यानं समोरच्या दुधाच्या टेम्पोचा आरसा नेला. मला पत्ता नाही, मागच्या सीटवरची बाई ओरडली तेव्हा कळलं. टेम्पोवाल्या पोराचा हात खिडकीवर होता. थोडक्यात वाचला. अजून आठवतं.

गॅरेजवाला, शिरोली: वजनाचंही ऐका. शेवटच्या टोकाला, ॲक्सलच्या 3.2 मीटर मागं 400 किलो सामान टाकलं, तर पुढच्या चाकांवरचं जवळपास अडीचशे किलो वजन उचललं जातं. मागच्या ॲक्सलवर मात्र साडेसहाशे वाढतं. ओल्या रस्त्यावर उतारानं येताना स्टेअरिंग हलकं लागतं ते त्यामुळंच. शिवाय आरसीवरच्या नोंदीत बदल होईल असं काम परवानगीशिवाय करायचं नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम 52. उद्या काही झालं तर विमावाला पहिलं तेच काढेल.

बसमालक: सकाळी मोजलं. बरोबर 3 मीटर, म्हणजे 12 सेंटिमीटरच शिल्लक. बॉडीवाल्याला नको म्हणून फोन केला. वऱ्हाडाची भांडी-बिंडी आता छोट्या टेम्पोनं पाठवणार, भाडं पार्टीला आधीच सांगून ठेवतो. त्या पोराच्या हाताचं वाचून काटा आला हो काका.