पत्ता नोंदणी अडली आहे, तातडीने मदत हवी

घाईत_आहे
नमस्कार. इथे येऊन नऊ दिवस झाले. आनमेल्डुंगची (पत्ता नोंदणीची) अपॉइंटमेंट मिळत नाहीये, रोज पहाटे उठून साइट बघतो, सगळं भरलेलं. एचआर टॅक्स आयडी मागतंय, बँक पत्त्याचा पुरावा मागतेय. मी इथे राहतो असा सहीचा कागद घरमालक देणार नाही म्हणतोय. चौदा दिवसांची मुदत आहे म्हणे. दंड झाला तर व्हिसाला धक्का लागतो का? कृपया लवकर सांगा, जुने धागे वाचायला वेळ नाही.

फणसाचे_गरे
'इथे' म्हणजे कुठे हो? ऑस्ट्रियात तीनच दिवस असतात, चौदा म्हणताय म्हणजे जर्मनी. पण गाव कोणतं?

घाईत_आहे
बर्लिन. लिहायचं राहिलं.

मोआबिटकर
बर्लिनमध्ये कुठलंही ब्युर्गरआम्ट (नोंदणीचं सरकारी कार्यालय) चालतं, आपल्याच भागातलं हवं असं नाही. लोक रद्द करतात ते स्लॉट दिवसभर सुटत असतात, फक्त पहाटे बघू नका. ११५ या सरकारी हेल्पलाइनला फोनही करून बघा. मी नॉयकोल्नला राहायचो आणि मिळाली स्पांडाउला, यू-७ मेट्रोमध्ये बसून अर्धं शहर बघून झालं. अपॉइंटमेंट मुदतीत बुक केल्याचा ईमेल जपून ठेवा. उशीर झाला म्हणून दंड भरलेला माणूस माझ्या तरी बघण्यात नाही.

सुधामावशी
बाळा, कुकर आणलास का? ॲल्युमिनियमचा असेल तर इंडक्शनवर तापणार नाही. माझ्या भाच्याने सामानात वजन करून नेला आणि आता त्यात कांदे ठेवतो.

जुना_जाणता
एवढं काय त्यात. ओळखीच्या कुणाचा तरी पत्ता द्या, त्याची सही घ्या, काम झालं. आम्ही असंच केलं होतं.

मोआबिटकर
जाणते, नवीन माणसाला खड्ड्यात घालू नका. न राहता नुसता पत्ता वापरायला देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. मित्र राहील का मग मित्र?

जुना_जाणता
कायद्याची पुस्तकं आम्हीही वाचली आहेत. मी फक्त अनुभव सांगितला.

फणसाचे_गरे
भांडण नंतर करा. @घाईत_आहे, घरमालक म्हणजे नक्की कोण? करार कुणाशी झालाय?

घाईत_आहे
करार असा नाही. एका मुलीचा भाड्याचा फ्लॅट आहे, ती तीन महिने पोर्तुगालला गेलीय म्हणून मी राहतोय. जाहिरातीत 'आनमेल्डुंग नाही' असं होतं, पण तेव्हा वाटलं ते नंतर बघू.

फणसाचे_गरे
हे आधी सांगायचं ना! म्हणजे तुमचा घोळ अपॉइंटमेंटचा नाहीच. मिळाली असती तरी त्या कागदाविना हात हलवत परत आला असता. नोव्हेंबर २०१५ पासून तो सक्तीचा आहे. (नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. मला पाठ व्हायला दीड वर्ष लागलं.)
तुमच्यापुरती घर देणारी तीच मुलगी, सही तिची चालते. मूळ मालकाला विचारल्याशिवाय फ्लॅट दिला असेल म्हणून घाबरत असेल. सही करणं तिच्यावर कायद्याने बंधनकारक आहे, टाळलं तर १,००० युरोपर्यंत दंड. आणि ती देत नसेल तर ते ब्युर्गरआम्टला लगेच कळवणं तुमच्या गळ्यात येतं. हे तिला नीट, गोडीत सांगा. धमकी देऊ नका, किल्ली तिची आहे.

रविवारी_बंद
पगाराचं घाबरू नका. टॅक्स आयडी नसला तर सहाव्या टॅक्स क्लासने (सगळ्यात जास्त कापणीचा वर्ग) कर कापू शकतात, खूप जातो, पण नंतर परत मिळतो. पहिल्या महिन्याची पगारपत्रिका बघून मी जिन्यातच बसलो होतो. अवांतर: शनिवारीच दूध-भाजी भरून ठेवा.

घाईत_आहे
ती तयार झाली! तिने मूळ मालकाला ईमेल टाकला होता, त्याला काही अडचण नव्हती. सही स्कॅन करून पाठवलीय. अपॉइंटमेंट मारत्सानला, मंगळवारी. आता फक्त टॅक्स आयडीची वाट बघायची ना?

मोआबिटकर
लेटरबॉक्सवर नाव लावलंत?

घाईत_आहे
कशाला? पत्ता तर दिलाय.

मोआबिटकर
इथे फ्लॅटला नंबर नसतो, पोस्टमन आडनाव बघून पत्र टाकतो. टॅक्स आयडी पोस्टानेच येतो, नाव नसेल तर आल्या पावली परत. आजच लावा.

घाईत_आहे
अरे देवा. कागदावर लिहून सेलोटेपने चालेल?

सुधामावशी
चालेल. आणि कुकर स्टीलचा आहे का ते सांगितलं नाहीस.