पाडस कुठवर पाडस असतं?

वाचनवेडी
सध्या घरी रात्री मुलांना 'पाडस' वाचून दाखवते आहे. राम पटवर्धनांचा अनुवाद. मूळ कादंबरी मार्जरी किनन रॉलिंग्ज यांची, 1938 सालची. पुढच्याच वर्षी तिला अमेरिकेतला पुलित्झर पुरस्कार मिळाला. फ्लॉरिडाच्या खुरट्या, दाट झाडोऱ्यात एकटं पडलेलं एक घर, तिथला बारा वर्षांचा ज्योडी आणि त्यानं आणलेलं आईवेगळं हरणाचं पिल्लू. मूळ नाव मात्र 'द यर्लिंग', म्हणजे वर्षाचं झालेलं जनावर. पाडस म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे येतं ते पायांवर धड उभं न राहणारं, दुधावरचं पिल्लू. थोरलीनं विचारलं, "आई, शिंगं फुटली तरी ते पाडसच का?" मला उत्तर देता आलं नाही.

तर प्रश्न दोन. वर्षाच्या हरणाला मराठीत वेगळा शब्द आहे का? आणि पाडस हा शब्द नेमका कुठवर चालतो?

(शेवट माहीत नसेल त्यांनी जपून. खाली शेवटाबद्दल बोलणं निघणारच.)

माणदेशी
ताई, हरणाचं मला सांगता येणार नाही, गोठ्यातलं सांगतो. गाय व्याली की वासरू. ते पाडा असेल तर पुढं गोऱ्हा, मग खोंड, आणि औताला जुंपला की बैल. मादी असेल तर कालवड, व्याली की गाय. म्हशीचं रेडकू किंवा पारडू. त्यातली मादी मोठी होत आली की वगार, नर असेल तर टोणगा. शेळीचं करडू, आणि अजून न व्यालेली तरणी शेळी म्हणजे पाठ.

हे झालं नावांचं. खरं वय बघायचं ते दातांत. दुधाचे दात पडले नाहीत तोवर जनावर आदत. पहिली जोडी आली की दुसा किंवा दोन दाती, मग चार दाती, सहा दाती, आणि खालचे आठही आले की जुळला. बैलगाडा शर्यतीत आदतचा गट वेगळा, दुशाचा वेगळा. बाजारात कुणी "किती वर्षांचा" असं विचारत नाही, सरळ जबडा उघडून बघतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते यातच आहे. ज्याचा बाजार भरतो त्याच्या वयाला शब्द मिळतात, कारण वयावर भाव ठरतो. हरणाचा बाजार कुठं भरतो? त्याला एकच शब्द पुरला.

वाचनवेडी
वा! मग इंग्रजी नावही बाजारातलंच म्हणायचं. यर्लिंग हा शब्द तिकडे घोड्यांना, गुरांना सर्रास लावतात. लेखिकेनं गोठ्यातला शब्द रानातल्या जनावराला दिला.

शब्दफोड
माणदेशींची यादी पुन्हा एकदा लिंगाकडे लक्ष ठेवून वाचा. *ते* वासरू, *ते* रेडकू, *ते* करडू, *ते* कोकरू, *ते* शिंगरू, *ते* पिल्लू. जरा मोठी झाली की *तो* खोंड, *ती* कालवड, *ती* वगार, *तो* टोणगा, *ती* पाठ. मराठीत लहानपण बहुतेक नपुंसकलिंगी असतं आणि वाढणं म्हणजे 'ते'मधून बाहेर पडणं. माणसांतही ते बाळ, ते लेकरू, ते पोर असंच आहे. "ते पोर काय करतंय बघ" असं आपण चार वर्षांच्या मुलाला म्हणू. सोळाव्या वर्षी म्हटलं तर त्यात कीव असते, नाहीतर तुच्छता.

(अपवाद आहेत. छावा आणि बछडा जन्मापासून 'तो'. पण ते राजेशाही थाटाचे शब्द, त्यांना नियम कोण लावणार.)

पाडस या 'ते'च्या घरातलं आहे, आणि त्याला पुढची पायरीच नाही. गाईच्या वासराचा खोंड होतो. पाडसाचं एकदम हरीण होतं, नाहीतर ते पाडसच राहतं. कादंबरीतला पेच हाच आहे. हरीण वाढतंय, कुंपण ओलांडतंय, शेतातले मक्याचे कोवळे कोंब खातंय, आणि ज्योडीच्या तोंडी अजून 'ते'च आहे.

म्हणून मला शीर्षक चुकलेलं वाटत नाही. इंग्रजी नाव बापाच्या नजरेतून आलंय, मराठी नाव मुलाच्या.

दर्यावर्दी
'ते'वरून सांगतो. गोव्यात आमच्या कोंकणीत मुलगी चांगली मोठी झाली तरी 'तें'. तें चेडूं आयलें, तें शिकतां. मालवणीतही 'ता चेडू' म्हणतात. त्यामुळे नपुंसकलिंग संपलं म्हणजे बालपण संपलं, हे गणित आमच्याकडच्या मुलींना लागू पडत नाही. मुलगे बरे सुटतात!

शिवाय आमच्याकडे गाईच्या वासराला पाडो नि पाडी म्हणतात. माणदेशींनीही वर सहज 'पाडा' लिहिलंय. पारडू, पाडा, पाडी, पाडस, हे सगळे एकाच खानदानातले वाटतात. म्हणजे पाडस हाही मुळात गोठ्यातलाच असणार, नंतर रानात गेला.

रानफिरस्ता
एक मुद्दा शब्दाचा नाही, डोळ्यांपुढे येणाऱ्या चित्राचा आहे. तरी शब्दामुळेच तो उद्भवतो, म्हणून लिहितो.

'पाडस' वाचताना आपल्याला कुठलं हरीण दिसतं? मला तरी चितळ. ताडोबात, पेंचमध्ये, नागझिऱ्यात तेच सगळ्यात जास्त दिसतं. चितळाच्या अंगावरचे ठिपके जन्मापासून मरेपर्यंत तसेच राहतात. ज्योडीचं हरीण पांढऱ्या शेपटीचं, अमेरिकेतलं. त्याच्या पिलाचे ठिपके तीन-चार महिन्यांत पुसट होत जातात आणि अंग एकरंगी होतं. तिकडच्या मुलाला नुसतं अंग बघून कळतं की याचं बाळपण सरलं. आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढचं पाडस मात्र ठिपक्याठिपक्यांचंच राहतं, म्हणून ते कधी मोठं झालं हे त्यांच्या लक्षातच येत नाही. वाचून दाखवताना हे आधी सांगा, पुढची भांडणं नीट कळतील. (आपल्याकडे भेकराच्या पिल्लाचे ठिपके जातात, पण भेकर फार जणांनी पाहिलेलं नसतं.)

शिंगांचं म्हणाल तर पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या नराला साधारण दुसऱ्या वर्षात पहिली शिंगं येतात, बरेचदा फांद्या नसलेली, नुसती सुळक्यासारखी. तुमच्या थोरलीचा प्रश्न अगदी बरोबर वेळेला आलाय.

माणदेशी
आता मीच एक विचारतो. पुस्तक मी वाचलंय. ज्योडीच्या माउलीनं हरणावर बंदूक उचलली म्हणून सगळे तिला कठोर म्हणतात. मला तसं वाटत नाही. वर्षाचं धान्य त्या मक्यावर. नवरा अंथरुणाला खिळलेला. पोरानं पुन्हा पेरलं, कुंपण उंच केलं, आणि हरीण त्यावरून उडी मारून आत. आमच्या भागात यालाच 'रानात हरीण शिरलं' म्हणतात, आणि ते ऐकून कुणी हळवं होत नाही.

वाचनवेडी
थांबा, 'रानात शिरलं'? हरीण रानातच असतं ना?

माणदेशी
आमच्याकडं रान म्हणजे शेत. "दादा रानात गेलाय" म्हणजे पाणी धरायला, नाहीतर खुरपायला. झाडंझुडपं असली तर आम्ही जंगल म्हणतो, गवताळ असेल तर माळ.

रानफिरस्ता
विदर्भात शेताला वावर म्हणतात. 'रानात गेला' असं कुणी म्हटलं तर घरचे वाट बघत बसतील!

पण हा दुहेरी अर्थ या गोष्टीला फार लागू आहे. ज्योडीच्या कुटुंबाचं, म्हणजे बॅक्स्टरांचं, घर एका उंचवट्यावर, उंच पाइन वृक्षांच्या घोळक्यात. भोवती मैलोन्‌मैल झुडपी रान. त्या जागेला बॅक्स्टर्स आयलंड म्हणतात. भोवती पाणी नसताना बेट कसलं, असं इंग्रजी वाचणाऱ्याला क्षणभर वाटत असेल. मराठीत अडत नाही, कारण बांबूचंही बेटच असतं. झाडांचा दाट पुंजका आणि पाण्यातली जमीन, दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो. तो भाग आता ओकाला राष्ट्रीय वनात येतो आणि लेखिका स्वतः 1928 पासून त्याच्या जवळच क्रॉस क्रीक इथे राहत होत्या, त्यामुळे जागांची नावं बेतलेली वाटत नाहीत.

शब्दफोड
रानावरून 'माणसाळणे' आठवलं. या पुस्तकाला पाळीव प्राण्याची गोष्ट म्हणतात ते मला पटत नाही. पाळीव म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या दावणीला असलेलं, ज्याच्यासाठी गोठा आहे, दावं आहे, कामही आहे. माणसाळलेलं म्हणजे त्या एकट्या जनावराची भीड चेपलेली. दाव्याची सवय नाही, कामही काही नाही, फक्त भीती गेलेली. ज्योडीच्या हरणाचं नेमकं हेच झालं. रानातलं हरीण माणसाच्या वासानं शेतापासून लांब राहिलं असतं. हे आलं, कारण त्याला ते घर आपलं वाटत होतं. लळा लावला तो मुलानं, आणि त्याची किंमत मोजली हरणानं. माणसाळणे हा शब्द आपण कौतुकानं वापरतो. जनावराच्या बाजूनं त्याचा अर्थ काय होतो हे कोशात नसतं.

दर्यावर्दी
मग ते घरातलं होतं की नव्हतं? मुलांची चर्चा इथेच येऊन थांबते. आमच्या वाचनगटात एक मुलगा म्हणाला, "ते भाऊ होतं." दुसरी म्हणाली, "भावाला कुणी मारत नाही, म्हणजे नव्हतं."

वाचनवेडी
ज्योडीच्या आईची आधीची मुलं जगली नाहीत हेही त्यांना सांगा. त्या घरात भाऊ म्हणण्यासारखं दुसरं कुणी नाही. शिवाय पिल्लू घरी येतं तेच एका देण्यापोटी. बापाला साप चावतो, विष उतरवायला तो समोरच्या हरिणीला मारून तिचं काळीज वापरतो, आणि नंतर मुलगा म्हणतो की तिचं पिल्लू उपाशी सोडणं कृतघ्नपणाचं होईल. 'मानलेला भाऊ' या आपल्या शब्दात रक्त नसतं पण जबाबदारी असते, तसं काहीसं. त्या मुलीला सांगावंसं वाटतं की मानलेल्या नात्याला घराची संमती लागते. इथे ती अर्धीच होती. आईनं कधी मानलंच नाही.

रानफिरस्ता
या जागी सगळ्या पालकांसाठी एक व्यवहारातली गोष्ट. हे पुस्तक वाचून मुलांना पाडस घरी आणावंसं वाटतं. जंगलाच्या कडेला गवतात एकटं पडलेलं पिल्लू बहुतेक वेळा पोरकं नसतं. आई त्याला लपवून चरायला गेलेली असते आणि ते मुद्दामच हालचाल न करता बसतं. उचलू नका, हात लावू नका, लांबूनच वनखात्याला कळवा. 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार ते घरी ठेवणं गुन्हाही आहे. 'पोरकं' हा शब्द आपण फार लवकर वापरतो.

नवखा
मी पुस्तक वाचलेलं नाही, फक्त चर्चा वाचली. मग 'यर्लिंग'ला सरळ 'आदत' म्हटलं असतं तर?

माणदेशी
दादा, आदत म्हटलं की आमच्याकडं लोक घाटाचं तिकीट विचारतील. कुठल्या गावची शर्यत, कुणाची जोडी. हरीण कुणाच्या ध्यानात येणार नाही.

शब्दफोड
आणि वयही जुळणार नाही. गुरांत दोन वर्षं उलटेपर्यंत आदतच. मुख्य म्हणजे मूळ शब्द दोघांसाठी आहे. कादंबरीच्या अगदी शेवटच्या वाक्यात मुलगा आणि यर्लिंग जोडीनं येतात, आणि तोवर वाचणाऱ्याला कळलेलं असतं की वर्ष दोघांनाही लागलंय. मुलाला आपण आदत किंवा खोंड म्हणू शकत नाही. म्हटलंच तर ती शिवी होईल. पाडस म्हणू शकतो. आया म्हणतातच, "माझं पाडस ते." जुन्या अभंगांतही हरिणी-पाडस ही जोडी आई-लेकरासाठीच येते. पटवर्धनांपुढे वयाचा नेमका शब्द आणि माणूस-जनावर दोघांना लागणारा शब्द यांतला एकच निवडायची वेळ असेल, तर त्यांनी दुसरा घेतला हे उत्तम केलं.

वाचनवेडी
थोरलीला हे सगळं वाचून दाखवलं. तिचं म्हणणं असं, की शिंगं आल्यावरच्या पानांपासून मी वाचताना 'ते'च्या जागी 'तो' म्हणावं. करून बघते. धाकट्याचा मात्र सक्त विरोध आहे.